विजयदुर्गच्या खाडीत भरलेली घागर

आमच्या दोंडाईच्याचा समुद्राशी संबंध एवढाच, की मिठाच्या गोण्या तिकडून येतात. मी मिरचीचा व्यापारी. हिवाळाभर उघड्या मैदानात लाल मिरची वाळवायची आणि उन्हं चढली की हात झटकून मोकळं व्हायचं. पाणी म्हणाल तर नळाला कधीतरी येतं तेवढं आणि तापीत उरलेलं असेल तेवढं. असा माणूस चार दिवस शिडाच्या बोटीवर राहून आला म्हटल्यावर गावाला कुतूहल वाटणारच. परत आल्यापासून गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं, आधी "बोट बुडत नाही का हो?" हे विचारतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून एकदाच लिहून काढतो. दुकानात जे सांगत नाही, तेही यात येईल.

बोट माझ्या धाकट्या बहिणीची, उज्ज्वलाची. तिचा नवरा विश्राम मालवणकडचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, पुढे मोठ्या जहाजांवर इंजिनिअर झाला. काही वर्षांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि एक जुनी शिडाची बोट घेतली. तेव्हापासून दिवाळी ते पावसाळा ही दोघं आणि त्यांची नऊ वर्षांची तारा किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत राहतात. बोटीचं नाव 'सावली'. उज्ज्वलाचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही होतं. विश्राम दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करतो. पावसाळ्याआधी गोव्याला बोट जमिनीवर ओढून घ्यायची आणि चार महिने भाड्याच्या खोलीत काढायचे.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे लग्न मान्य नव्हतं. जावई परजातीचा, परमुलखाचा, आणि आबा माळकरी तर हा मासे खाणारा. लग्न नोंदवून दोघं पाया पडायला आली, तेव्हा आबांनी विश्रामला ओट्यावरच चहा दिला आणि उज्ज्वलाला एकच वाक्य बोलले, "अखाजीले येवानं नही." खानदेशाबाहेरच्या माणसाला या वाक्याचं वजन कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो आणि तो लेकींचा सण आहे. दिवाळीला नाही आली तर चालून जातं, पण अखाजीला लेक माहेरी येतेच, दारातूनच "मी उनू", म्हणजे मी आले, अशी हाक देत. झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात, सासुरवाशिणी दिवसभर पोरींसारख्या उंडारतात. अखाजीला येऊ नको म्हणजे तू आमची लेक नाहीस, असाच त्याचा अर्थ होतो.

बारा अखाज्या अशा गेल्या. मागच्या पावसाळ्यात आबा गेले. उज्ज्वला थेट स्मशानात आली आणि तिथूनच परत फिरली, घराच्या उंबऱ्याला तिने पाय लावला नाही. पुढे मायने फोन करून सांगितलं, आते तरी घर ये. तर ती म्हणाली, "तू बलावस माय, आबानी नही बलायं. आबा बलावतीन तव्हय येसू." आता आबा कुठून बोलावणार? मला तिचा भयंकर राग आला. बापाचा हट्ट जसाच्या तसा लेकीत उतरलेला, आणि त्या दोघांच्या मध्ये आयुष्यभर माय भरडली गेली. आपण डोळे मिटल्यावर या पोरीला माहेरच उरणार नाही, हे मायच्या मनाने इतकं घेतलं की तिचं जेवणावरून लक्ष उडालं.

त्यात आबांच्या नावाची पहिली अखाजी आली. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी मातीची घागर भरतात. तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवतात. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि जेवणाचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. मग एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात आणि गेलेला माणूसच आला आहे असं समजून त्याला जेवू घालतात. काकांनी भाऊबंदांना निरोपही दिले होते. माय म्हणाली, "घागर मी भरसू. कोठे भरानी ते बी मीच ठरावसू. उज्जी आठे येत नही, ते आपन तठे जाऊत." काकांनी बरीच आदळआपट केली. मायने ऐकून घेतलं आणि मला तिकिटं काढायला पाठवलं.

रत्नागिरी

रेल्वेचा प्रवास गाळतो. एवढंच सांगतो, की नवीकोरी घागर फडक्यात गुंडाळून मी सगळ्या वाटेत मांडीवर धरली होती आणि समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थाने हळू आवाजात विचारलं, "वडिलांच्या अस्थी का?" घागर आबांचीच होती, त्यामुळे मला धड हो म्हणता येईना की नाही. त्याने हात जोडले, मीही जोडले.

विश्राम धक्क्यावर न्यायला आला होता. मोठी बोट आत पाण्यात नांगर टाकून उभी होती आणि तिथवर रबरी होडीतून जायचं होतं. त्याने मायला हात दिला. मायने तो पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि ताराचं बोट धरून ती होडीत उतरली. नऊवारीचा काष्टा आवरून अशी बसली, जणू बैलगाडीतून शेतात निघाली आहे. मी मात्र एक पाय धक्क्यावर आणि एक होडीत अशा अवस्थेत असताना होडी सरकली. घागर वाचवली, पण उजव्या पायातली चप्पल गेली. पुढचे चार दिवस मी ताराच्या बाबाच्या सपाता घालून फिरलो.

उज्ज्वला बोटीच्या कठड्याशी उभी होती. माय वर चढली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील म्हणून मी आधीच दुसरीकडे बघायला लागलो होतो. माय म्हणाली, "वाळी गयी व्हती, आते काळीबी हुई गयी." उज्ज्वला हसली आणि तिने मायच्या हातातली पिशवी घेतली. बस, एवढंच झालं.

बोट आतून आमच्या दुकानाच्या माडीएवढी. दोन निजायच्या जागा पुढे, एक मागे, मध्ये टेबल, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. विश्रामने दोन दिवस आधीपासून मासळी आणली नव्हती, भांडी चिंचेने घासून काढली होती, अगदी फ्रिजच्या डब्यातही लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या. हे मला उज्ज्वलाने कानात सांगितलं. मायला सांगायची तिची हिंमत नव्हती. माय जावयाशी थेट बोलतच नव्हती. "पाव्हनाले सांग, पाट शे का," असं ती लेकीला म्हणायची आणि पाव्हणा हातभर अंतरावरून ऐकत असायचा.

कोंडी फुटली ती पाण्यावरून. बोटीच्या टाकीतलं गोडं पाणी पुरवून वापरायचं असतं. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा, हे विश्राम फार नम्रपणे, आडून आडून मायला समजावू लागला. माय एकदम त्याच्याकडेच वळून म्हणाली, "आमना गावमा आठ दिनमा एकदाव पानी येस. माले नका शिकाडू." मग तिने अर्ध्या तांब्यात सगळ्यांची ताटं-वाट्या अशा काही धुतल्या की विश्राम बघतच राहिला. इतकी वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला पाणी कसं वापरावं हे आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या बाईने दाखवलं, याचा मला फार अभिमान वाटला.

शिडावर

सकाळी निघालो. रत्नागिरीहून दक्षिणेला विजयदुर्ग, वारा मागून. इंजिन बंद झालं आणि शीड भरलं तेव्हा जी शांतता झाली, तिची मला कल्पना नव्हती. आमच्याकडे वारा म्हणजे धूळ. डोळ्यांत जाते, मिरचीत बसते, माणूस वैतागतो. हा वारा माणसांना घेऊन चालला होता आणि कोणालाच काही म्हणत नव्हता. तासभर मी फार मोठे मोठे विचार केले. त्यानंतर मला उलट्या सुरू झाल्या आणि सगळे विचार कठड्यावरून खाली गेले.

मायला काही झालं नाही. ती सुकाणूजवळ बसून कुरडया मोजत होती, किती मोडल्या म्हणून. तिची काळजी वेगळी होती. बोट एका बाजूला कलते, मग घागर भरून ठेवायची कुठे? विश्रामने तिला खाली नेऊन शेगडी दाखवली. या बोटींची शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी ती झोके घेत सरळ राहते, म्हणजे वरचं भांडं सांडत नाही. त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तिच्यावर ठेवून दाखवला. माय बराच वेळ त्या पेल्याकडे बघत उभी राहिली. "चूल हालस, पानी हालत नही. भलतंच शे," ती म्हणाली. घागरीची जागा ठरली.

पण आगारीचा प्रश्न होता. गोवऱ्या बघून विश्रामचा चेहरा उतरला. बोटीचं अंग प्लास्टिकसारखं, खाली गॅसचं सिलिंडर, आणि ही बाई त्यावर शेण पेटवणार. नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी त्याने सांगितलं, बोटीच्या मागच्या कठड्याला बाहेरच्या अंगाने लोखंडी जाळीची शेगडी लावलेली आहे, ठिणगी पडली तरी पाण्यात पडेल, तिथे चालेल का? मायने मान डोलावली. तेवढ्यात तारा म्हणाली, "आजी, त्याच्यावर बाबा बांगडे भाजतो."

उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले. विश्राम दोरीला गाठ मारायला लागला, जिला आधीच गाठ होती. माय म्हणाली, "आगले काय, तिले मासाबी चालस, बठ्ठं चालस." आणि पुन्हा कुरडयांकडे वळली.

विजयदुर्ग

दुपार उतरताना किल्ला दिसला. आमच्याकडचे किल्ले डोंगरावर असतात, मान वर करून बघायचे. हा थेट पाण्यातून उठलेला आहे, आणि त्याला वळसा घालून आत गेलं की वारा पडतो, लाटा निवतात आणि खाडी तळ्यासारखी होते. विश्रामने नांगर टाकला, साखळी खडखडत खाली गेली. किनाऱ्याला माडांमागे घरं, धक्क्यावर मासेमारीच्या होड्या. संध्याकाळी उज्ज्वलाने गावातून हापूस आणले आणि रस काढला. आमच्याकडचा रस पातळ, वाटी तोंडाला लावून पिण्याजोगा. मायने चमचा उभा करून बघितला, तो उभाच राहिला. "रस शे का शिरा शे?" तिने विचारलं. पण दोन वाट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी अखाजी. सकाळीच मला मायने हुकूम केला, गावात जाऊन पितराला बसायला एक माणूस घेऊन ये. मुलाला स्वतः पितर होता येत नाही, त्याने वाढायचं असतं. मला वाटलं, जेवणाचं आमंत्रण, त्यात पुरणपोळी, कोण नाही म्हणेल? तारा वल्हवत मला धक्क्यावर घेऊन गेली.

पहिला भेटला चहावाला. त्याने दोनदा सगळं नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, टपरी सोडून येता येत नाही, पण डबा दिलात तर इथेच जेवतो. दुसरा खानावळीचा मालक. "मासळी खंयची?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला. मासळी नाही म्हटल्यावर त्याला माझ्या वडिलांबद्दल फार वाईट वाटलं. देवळापाशी एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बसले होते. त्यांनी बसायला जागा दिली, आबा कसे गेले, किती आजारी होते, सगळं विचारलं. असे शांत, समजूतदार, की मी मनात म्हटलं, झालं काम. बोट पाण्यात उभी आहे हे कळल्यावर मात्र ते मागे सरकले. "जेवूक कधीय येतंय. पन होडीत नको. जन्मभर होडीत जेवलंय, आता जमनीर जेवतंय." त्यांनी मला त्यांच्या झाडाचे दोन आंबे दिले आणि ते घेऊन मी माणसाशिवायच परत आलो.

इकडे सगळं तयार होतं. शेगडीवर मूठभर गहू पसरून घागर ठेवली होती, तिच्या गळ्याला सुताचा दोरा, वर मडकं, तापीच्या वाळूतलं डांगर आणि सांजोरी. खाडीतल्या पाण्यावर बोट जराशी डुलत होती आणि घागर जागची हलत नव्हती. खापरावरच्या पोळ्या इथे शक्य नव्हत्या, म्हणून उज्ज्वलाने घागर मांडायच्या आधीच तव्यावर पुरणपोळ्या करून घेतल्या होत्या. टेबल दुमडून जमिनीवर पाट मांडला होता. कोणी मिळालं नाही हे मी सांगितलं, तर माय अजिबात दचकली नाही. मला आजही वाटतं, हे तिने दोंडाईच्यातच ठरवलेलं होतं आणि मला गावभर फिरवलं ते फक्त माझी खात्री पटावी म्हणून.

"मंग पाव्हना बठतीन," ती म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. ज्या जावयाला आबांनी घरात घेतलं नाही, त्याला आबा म्हणून बसवायचं? "माय, आबाले चाली का?" मी विचारलं.

"तेस्लेच इचारसूत," माय म्हणाली.

अडून बसला तो विश्राम. एरवी हळू बोलणारा हा माणूस हातातलं फडकं खाली ठेवून सरळ उभा राहिला. "आई, मी नाही बसणार," तो म्हणाला. "त्यांना मी कधीच नको होतो. जिवंत होते तोवर मी त्यांच्या दारात पुन्हा गेलो नाही, त्यांच्या मनाविरुद्ध नको म्हणून. आता ते काही बोलू शकत नाहीत, आणि मी त्यांच्या जागेवर जाऊन बसू? हे बरोबर नाही." उज्ज्वला त्याच्यामागे भिंतीला टेकून उभी होती. तिने मध्ये पडायला हवं होतं असं मला वाटलं. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. आबांना तो एकदा नीट भेटला असता तर, असं वाटून गेलं.

माय त्याच्याजवळ गेली. ती त्याच्या खांद्याएवढी. "तुम्ही फक्त बठा," ती म्हणाली. "तेस्ले नही पटनं ते, ते आपेआप उठी जातीन."

विश्रामने हात धुतले. तो बसला.

मायने त्याला कुंकवाचा टिळा लावला, टोपी घातली, खांद्यावर नवं उपरणं टाकलं. मी बाहेर जाऊन गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, घास टाकला, पाणी फिरवलं. खाडीवर धूर सरळ वर गेला. आत येऊन मी वाढायला लागलो. पुरणपोळी, रस, कुरडई, भजी. पितर जेवत असताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. विश्राम मान खाली घालून एकेक घास असा खात होता, जणू कोणीतरी बघतंय. आणि बघत तर आम्ही सगळेच होतो. मी आबांना जेवताना रोज बघितलं होतं, आणि इथे समोर त्यांच्यासारखं काहीही नव्हतं. तरी दुसरी पोळी वाढताना मी "आबा, अजून घ्या," असं म्हणून गेलो.

जेवण झाल्यावर घरच्या बाईने पितराला विचारायचं असतं आणि त्याने उत्तर द्यायचं असतं. मायने डोक्यावर पदर घेतला, त्याच्यासमोर बसली.

"पोट भरनं का तुमनं?"

"भरनं," विश्राम म्हणाला. हे उत्तर त्याला उज्ज्वलाने सकाळी कधीतरी शिकवलं असावं.

इथे रीतीतलं बोलणं संपतं. मी हातावर पाणी घालायला तांब्या उचलला. माय उठली नाही.

"मंग सांगा आते," ती म्हणाली. आवाज तोच, ज्या आवाजात ती जन्मभर आबांशी बोलत आली, मान खाली आणि शब्द मोजके. "उज्जीले अखाजीले बलावशात का नही?"

हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. विश्रामने वर पाहिलं. बायकोकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, मायकडेच बघत राहिला. बाहेर तारा कठड्यावर पाय हलवत बसली होती, तिचा टकटक आवाज येत होता. बारा वर्षं बायकोची फोनवरची अहिराणी ऐकून त्याला सगळं समजत होतं, पण बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"बलावसू," तो म्हणाला.

मायचा पदर तोंडाला गेला. आबा गेले तेव्हा चार माणसांत ती रडली होती, ते रडणं निराळं. आता ती रडत रडत त्याला बोलत होती, "भलता येळ लाया तुम्ही, भलता येळ लाया," आणि तो टोपी घातलेला, उपरणं घेतलेला विश्राम मान खाली घालून ते सगळं ऐकून घेत होता. मलाही आवरलं नाही.

मग रीतीप्रमाणे आम्ही त्याच्या पाया पडलो. आधी माय, मग मी, मग ताराला आत बोलावलं. उज्ज्वला तिथेच भिंतीशी उभी होती. शेवटी ती पुढे आली, पाटासमोर खाली बसली आणि तिने डोकं त्याच्या पायांवर टेकवलं.

"आबा," ती म्हणाली, "मी उनू."